पिल्लाच्या जिवावर

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षण संपतांना एक लहानसा चित्रपट स्वतः रचून दाखवावा लागतो. त्यासाठीं जे विषय पुनःपुन्हां निवडले जातात, त्यांत ‘एकाकी मनुष्य आणि कुत्र्याचें पिल्लूं’ हा विषय विशेष आवडीचा दिसतो. पावसांत भिजलेलें पिल्लूं, त्यास झिडकारणारा मनुष्य, मग त्याचें विरघळणें, आणि शेवटीं दोघांची मैत्री अथवा दोघांपैकीं एकाचा मृत्यु, हा सांचा आतां इतका रुळला आहे कीं पहिल्या अर्ध्या मिनिटांतच शेवट ओळखावा. विषयाशीं आमचें भांडण नाहीं. आमचें भांडण आहे तें तो विषय ज्या आळसानें वाढविला जातो त्या आळसाशीं. आणि विद्यार्थ्यापेक्षांही, डोळे पुसून त्यास शाबासकी देणाऱ्या परीक्षकांशीं.

पिल्लूं पाहून मन द्रवतें, यांत चित्रकाराचें कर्तृत्व तें काय? ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनीं १९४३ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, देहाच्या मानानें मोठें डोकें, पुढें आलेलें कपाळ, मोठाले डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय हीं बाल्याचीं लक्षणें दिसतांच मनुष्याचें वात्सल्य जागें होतें. आणि त्यासाठीं तें बालक मनुष्याचेंच असावें लागतें असेंही नाहीं. म्हणजे करुणेचा अर्धा व्यवहार निसर्गानें आधींच उरकून ठेवलेला आहे. डोकें थोडें अधिक मोठें आणि डोळे थोडे अधिक ओले काढले कीं प्रेक्षक हळहळलाच पाहिजे. हें वडिलार्जित भांडवल झालें, आणि त्यावर चैन करणाऱ्यास कोणी उद्योगी म्हणत नाहीं.

कोणी म्हणेल, प्रेक्षक रडला ना, मग अश्रु कोठून आले याची चौकशी कशाला? चौकशी अशासाठीं, कीं डोळ्यांत पाणी आणणें आणि मनांत कांहीं हलविणें या गोष्टी वेगळ्या आहेत. पडद्यावरील पिल्लासाठीं रुमाल काढणारा प्रेक्षक दाराशीं केकाटणाऱ्या खऱ्या पिल्लास काठी दाखवितो, तेव्हां त्या रुमालाची किंमत कळून येते. मनुष्य आणि कुत्रा यांची गोष्ट आपणांस नवी नाहीं. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि भावंडें एकामागून एक पडलीं, तरी कुत्रा युधिष्ठिराच्या मागें चालत राहिला. आणि इंद्रानें रथ पुढें केला तेव्हां कुत्र्यास सोडून येण्याची अट युधिष्ठिरानें नाकारली. तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म, हें पुढें उघड झालें. निर्णय घेतेवेळीं युधिष्ठिरास तें ठाऊक नव्हतें. नामदेवांची आख्यायिका तर घरोघर सांगितली जाते. कुत्र्यानें भाकरी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, कीं देवा, कोरडी खाऊं नकोस. त्या कुत्र्यानें विशेष असें कांहींच केलेलें नाहीं. चोरी करून तें पळालें, एवढेंच. दोन्ही कथांत कसोटी लागते ती मनुष्याची.

विद्यार्थ्याच्या हातूनही हें साधतें. जर्मनींतील बाडेन-व्युर्टेमबर्ग फिल्म अकादमींत शिकत असतां याकोब फ्राय यांनीं केलेला ‘द प्रेझेंट’ हा सुमारें चार मिनिटांचा चित्रपट २०१४ सालचा. ब्राझीलचे चित्रकार फाबियो कोआला यांच्या एका चित्रकथेवर तो आधारलेला आहे. अंधाऱ्या खोलींत खेळांत गढलेल्या मुलास आई एक खोकें देते. त्यांतून पिल्लूं निघतें. मुलगा हरखतो, पण पिल्लाचा पुढचा एक पाय अपुरा आहे हें दिसतांच त्यास दूर लोटतो. पिल्लास त्याचें कांहींच वाटत नाहीं. तें चेंडूमागें धांवतें, पडतें, पुन्हां उठतें. शेवटीं मुलगा कुबड्या घेऊन उभा राहतो, तेव्हां कळतें कीं त्याचाही एक पाय अधू आहे. मुलगा जें दूर लोटीत होता तें त्याचें स्वतःचेंच शरीर होतें. नायक प्रौढ नसून मुलगा आहे हा भेद गौण. पिल्लूं काढून टाकलें तरी त्या मुलाचें दुःख उरतें, हें मुख्य. आम्ही ज्या चित्रपटांविषयीं बोलत आहों, त्यांतून पिल्लूं काढून पाहा. मागें खुर्चींत बसलेला एक दाढीवाला उरतो. आणि तो कोण, पूर्वीं काय करीत होता, त्यास पिल्लूं नको कां, यांपैकीं एकाचेंही उत्तर कर्त्यापाशीं नसतें.

हें उत्तर कागदावर शोधावयाचें असतें, आणि तेंही आरंभींच. हिशेब साधा आहे. पडद्यावर एका सेकंदास २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकविलें तरी सेकंदास १२ चित्रें लागतात; चार मिनिटांस एका पात्राचीं २,८८०, आणि मनुष्य व पिल्लूं दोन्ही सतत हालतीं ठेविलीं तर ५,७६०. रोज १६ चित्रें पुरीं केलीं तरी ३६० दिवस झाले. संगणकावर प्रत्येक चित्र हातानें काढावें लागत नाहीं हें खरें. पण तेथें देह घडविणें, त्यांत सांधे बसविणें, केस उगविणें, प्रकाश पाडणें यांत कांहीं थोडा काळ जात नाहीं. उलट स्टोरीबोर्डाचीं चित्रें भिंतीवर टांचून त्यांचा क्रम बदलावयास एक दुपार पुरते. आणि तींच चित्रें वेळेच्या मापानें जोडून केलेलें अ‍ॅनिमॅटिक पाहिलें कीं कथा कोठें लंगडते हें चार मिनिटांत कळतें. जी चूक येथें खोडरबरानें जाते, ती पुढें महिने खाते. असें असतां कथा पंधरवड्यांत उरकून पिल्लाच्या केसांवर वर्ष घालविणें, ही मेहनतीपासून पळण्याचीच एक प्रतिष्ठित वाट होय.

यावर दुसरा आक्षेप असा येतो कीं, विद्यार्थी हात बसविण्यास आलेला असतो. कथेची काळजी लेखकानें करावी. कसबाची किंमत आम्हांसही कळते. कुत्रें चालतांना मागचा डावा, मग पुढचा डावा, त्यानंतर मागचा उजवा आणि पुढचा उजवा, असे पाय उचलतें. दुडकी धरली कीं समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन दोन पाय एकदम पडतात. हा क्रम चुकला तर प्रेक्षकास कारण सांगतां येत नाहीं, पण कुत्रें खोटें वाटतें. मनुष्याचें मन कोणत्या क्रमानें पाऊल टाकतें, हें पाहण्यासही तोच डोळा लागतो. झिडकारण्यापासून जवळ घेण्यापर्यंतच्या पायऱ्या गाळून, पावसाच्या एका सरीनें मनुष्य पालटविणारा विद्यार्थी चालीच्याच परीक्षेंत नापास झाला, असें आम्ही समजतों.

म्हणून परीक्षकांस आमची विनंती आहे, आणि ती थोडी कठोर आहे. स्टोरीबोर्ड पुढें आला कीं पिल्लावर हात ठेवून उरलेलें पाहावें. मनुष्य उभा राहत नसेल तर काम परत पाठवावें. दोनदां, तीनदां पाठवावें. या शिक्षणास पुष्कळ पैसा लागतो, आणि अनेक मध्यमस्थितींतील आईबापांनीं तो पोटास चिमटा घेऊन उभा केलेला असतो. आमच्या वाचकांतही असे आईबाप असतील. त्यांनीं मुलाचा चित्रपट पाहून, पिल्लूं किती गोड आहे, असें म्हणूं नये. तो म्हातारा कोण, असें विचारावें. मुलास राग येईल. पण त्या रात्रीं तो पुन्हां कागद घेऊन बसला, तर त्या रागाचें चीज झालें.