गाजराची पुंगी

शिकाऊ माणसाला वाईट वस्तू द्यावी, असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. मुलगी पेटी शिकायची म्हणते? काढा माळ्यावरची, भात्यातून वारा गळणारी. तबला? शाईचे टवके उडालेला चालेल. "आधी शिकू तर दे, मग बघू चांगलं!" वाजली तर पुंगी, नाही तर गाजर मोडून खाल्लं.

बॅगपाइपच्या बाबतीत हा हिशेब साफ बुडीत आहे, आणि हे मी भांडून सांगणार आहे, कारण आमच्या सोसायटीतले नाना. त्यांचा नऊ वर्षांचा नातू ग्लासगोला असतो. ग्लासगो म्हणजे बॅगपाइपचं पंढरपूर. दर ऑगस्टमध्ये देशोदेशीचे पाइप बँड तिथे जागतिक अजिंक्यपदासाठी जमतात. नातवानं ही वारी पाहिली आणि हट्ट धरला. नानांनी मोबाइलवर मला जाहिरात दाखवली : संपूर्ण संच, वर शिकायचं पुस्तक फुकट, १२० पौंड.

"शिकणाऱ्याला काय करायचंय हो भारी?"

"नाना, मुरलेला वादक वाईट वाद्याशी झगडून सूर काढीलही. पोरानं काय करावं?"

२६ जानेवारीच्या संचलनात पलटणीचे वादक काखेत पिशवी दाबून वाजवतात, तेच हे वाद्य. सुरावट वाजवायची नळी म्हणजे चँटर. त्यात सनईसारखी दुहेरी रीड. खांद्यावरचे तीन भोंगे एकच सूर धरून असतात, आपल्या तंबोऱ्यासारखे. म्हणजे चार रीड, आणि चौघींचं पोट एकाच पिशवीतल्या वाऱ्यावर! पिशवी गळकी, सांधे सैल आणि रीड हट्टी असली, की पोरगा फुंकफुंकून लालबुंद होतो आणि आतून रेडा हंबरतो. गळकी पिशवी कुणालाच दिसत नाही. दिसतो तो धापा टाकणारा पोरगा. घरचे म्हणतात, "याला सुराचं अंग नाही." तोही ते खरं मानतो, जन्मभर. १२० पौंडांत हे मिळतं.

असले स्वस्त संच बरेचसे सियालकोटहून येतात. तिथल्या कारागिराला मी नावं ठेवणार नाही. व्यापाऱ्याचा नफा नि वाहतूक वजा जाता हातात जे उरतं, त्यात लाकूड नीट मुरेपर्यंत कोण थांबेल? तो वापरतो शिसम. उत्तम पाइप होतात ते आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाचे. ते शिसमाचंच भाऊबंद, पण इतकं जड की पाण्यात बुडतं.

मग घ्यायचं काय? खुद्द स्कॉटलंडमध्ये नवशिक्याच्या हाती सहसा पाइप देतच नाहीत. आधी प्रॅक्टिस चँटर : पिशवी नाही, भोंगे नाहीत, नुसती प्लास्टिकची नळी आणि नऊ सूर. साठ-सत्तर पौंडांत चांगला मिळतो. पाइपचा आवाज मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे 'सा सा' असं दोनदा म्हणायचं तरी मध्ये बोटानं दुसऱ्या सुराचा चिमटा काढावा लागतो. हे चिमटे बोटांत बसायला सहा महिने, वर्ष जातं, आणि ते या नळीवरच बसतात. शिवाय पाइप शंभर डेसिबलच्या वर गर्जतो. नळीवर शेजारी निदान तक्रार करायला घरी येत नाहीत. ग्लासगोत १९४४ साली यासाठी चक्क कॉलेज निघालं, कॉलेज ऑफ पायपिंग. २०१८ साली ते तिथल्याच नॅशनल पायपिंग सेंटरमध्ये सामील झालं. तेव्हा गुरूसाठी वणवण नाही.

वर्षभर टिकला, तर कित्येक बँड शिकाऊंना आपला पाइप वापरायला देतात. विकतच घ्यायचा, तर नामांकित कारागिराचा प्लास्टिकच्या भोंग्यांचा बघावा, हजार पौंडांच्या आसपास. किंवा जुना, पण जाणत्या वादकानं फुंकून पाहिलेला. हजार ऐकून नानांनी पाणी मागितलं. पण त्या १२० वाल्याचा चँटर बदला, चारही रीड बदला, पिशवी बदला. मग मूळ संचातलं राहतं काय? तीन सैल दांडकी आणि झालर.

नानांची खरी अडचण शेवटी निघाली. "अहो, पण नुसती नळी दिली तर फोटोत काय दिसणार?"

फोटोसाठी हवा असेल तर नानांनी १२० चा जरूर घ्यावा, हॉलमध्ये टांगावा, पाहुण्यांना दाखवावा. फक्त नातवाच्या तोंडाला लावू नये.