पोटातलं ओठांवर

गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात मी एक वाक्य बोलून गेले. त्याची लाज अजून जात नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मंगल कार्यालयात पहिली पंगत उठत होती. माझी मावसबहीण पदर सावरत समोरून आली. दोन मुलांची आई, धाकटा सहा वर्षांचा. मी हसत म्हटलं, "काय गं, तिसऱ्याची तयारी वाटतं?" शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. तीही हसली आणि पंगतीला न बसता तशीच बाहेर गेली. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

चार महिन्यांनी रात्री तिचा फोन आला. "अक्का, कुणाला सांगू नकोस. पोट पाण्याच्या पिशवीसारखं हलायलंय. अंगात तापही आहे."

तेव्हा उलगडा झाला. गर्भाशयात गाठ आहे, दुर्बिणीतून काढायची आहे, असं सासरी सांगून ती पोटाची शस्त्रक्रिया करून आली होती. टमी टक म्हणतात ती. डॉक्टरी नाव ॲब्डोमिनोप्लास्टी. नवऱ्याला ठाऊक, बाकी कुणाला नाही. दुर्बिणीतून गाठ काढलेली बाई आठ-दहा दिवसांत हिंडू-फिरू लागते, असा घराचा समज. त्यामुळे दहाव्या दिवशी ही ओट्यापुढे उभी. बाराव्या दिवशी नळाला पाणी आलं आणि हिनं भरलेली कळशी उचलली. पोट फुगलं, तरी "पित्त झालंय" म्हणत चार दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. कातडीखाली साचलेलं पाणी सुईनं काढलं, तापावर औषधं सुरू झाली. पाणी पुन्हा साचलं, पुन्हा काढलं. असं चार वेळा. ती बरी झाली. पण परतीच्या वाटेवर गाडीत ती एवढंच म्हणाली, "दुखतंय म्हणून रडायची पण सोय नव्हती गं. गाठीच्या ऑपरेशनला एवढं कोण रडतं?"

बायांनो, शस्त्रक्रिया करावी की करू नये, हे मी सांगणार नाही. पोट तिचं, पैसा तिचा, दुखणं तिचं. माझं भांडण आहे ते या लपवाछपवीशी. तिला सुरीपेक्षा जास्त छळलं ते लपवण्यानं. आणि लपवायला तिला आपण लावलं. मी लावलं.

आपला न्याय कसा आहे बघा. स्थळ बघताना "मुलगी अंगानं बारीक आहे ना?" हा पहिला प्रश्न. बाळंतपणात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वाटीभर तूप, "खा बाई, दूध उतरायला हवं." वर्ष उलटलं की तीच तोंडं म्हणतात, "पोट किती सुटलं गं तुझं, जरा लक्ष दे." आणि तिनं खरंच लक्ष दिलं, डॉक्टर गाठला, तर "देहाचे चोचले! कुठे फेडशील?" मग तिला अशुचि भावना ऐकवायची, देह नश्वर आहे म्हणायचं. प्रवचनात देह शेवटचा आणि पंगतीत देह पहिला, असं कसं चालेल? देहाची आसक्ती सोडायची तर आधी दुसरीच्या देहावरची नजर सोडा. आणि भाषा समिती फक्त त्यागींसाठी आहे का? बोलण्यानं कुणाला इजा होऊ नये, हे लग्नाच्या पंगतीतही लागू पडतंच की.

दुसऱ्या बाजूला जाहिरातवाले बसलेत. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये काहीच नाही. हप्त्यांची सोय, सणाची सवलत, "पुन्हा पूर्वीसारख्या व्हा." मधले सहा आठवडे त्या फोटोत कुठेच नसतात. आपण टोमणे मारून तिला घराबाहेर ढकलतो आणि बाहेर हे हात जोडून उभे. दोघांच्या मध्ये खरं सांगणारं कुणी नाही. ते खरं निदान कागदावर तरी यावं, म्हणून मावसबहिणीसोबत खेपा घालताना डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, ते इथे मांडते.

पहिली गोष्ट, हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे. वजन आधी उतरवून स्थिर ठेवायचं असतं. गरोदरपणात पोटाच्या मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे ते हळूहळू जवळ येतात, काहींचे येत नाहीत. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेल्या व्यायामानं पुष्कळ जणींना फरक पडतो, म्हणून तो आधी करून पाहावा. पण ताणून सैल झालेली कातडी उपासानं आत जात नाही आणि व्यायामानंही नाही. "तिनं नीट पोट बांधून घेतलं नाही," "ती आळशी आहे," ही सगळी बडबड आहे. पोट बांधल्यानं कमरेला आधार मिळतो. फाकलेले स्नायू त्यानं शिवले जात नाहीत.

ही शस्त्रक्रिया कालपरवाची फॅशनही नव्हे. १८९९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञानं एका बाईचं लोंबणारं पोट कापून काढल्याची नोंद आहे. अशा ओझ्याखाली चालणं जड जातं. घडीखाली सतत ओल, खाज, पुरळ, कंबर धरलेली. आजही हिच्याकडे जाणाऱ्या सगळ्या जणी आरशासाठी जात नाहीत.

करतात काय? पूर्ण भूल देतात. साधारण दोन ते चार तास लागतात. ओटीपोटाच्या खाली, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद. कातडी वर बरगड्यांपर्यंत सोडवतात, फाकलेले स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात, कातडी खाली ओढून जादाची कापून टाकतात. बेंबी आपल्या जागीच राहते. वरच्या कातडीला नवं भोक पाडून ती बाहेर काढतात. साचणारं पाणी निघून जावं म्हणून बहुतेक वेळा दोन बाजूंना नळ्या ठेवतात. त्या नळ्या आणि त्यांना जोडलेल्या छोट्या बाटल्या घेऊन तुम्ही घरी येता. वर घट्ट पट्टा, तो बहुधा चार ते सहा आठवडे.

आता फोटोत नसलेले दिवस. पहिला आठवडा सरळ उभं राहता येत नाही. म्हातारीसारखं वाकून चालायचं. निजताना पाठीमागे उशा, गुडघ्यांखाली उशी. शिंक आली तर देव आठवतो. खाली बसणं, मांडी घालणं, भारतीय पद्धतीचा संडास, सगळंच अवघड. आधी खुर्चीची सोय करून ठेवा. पहिल्या काही दिवसांत न्हाणीपर्यंत धरून नेणारं माणूस लागतंच. सूज उतरायला महिने लागतात, म्हणून पंधराव्या दिवशी आरशापुढे रडू नका. कळशी, बादली, सिलिंडर, कडेवरचं पोर, सहा आठवडे काही उचलायचं नाही. आतल्या टाक्यांना ताण बसतो.

बेंबीखालची कातडी बधिर होते. काही महिने, काहींची थोडीशी कायमची. आपल्याकडे दुखलं की शेक घेण्याची सवय. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलं तरी कळणार नाही. आणि व्रण राहतो. आधी लालसर, मग काळसर. पुसट व्हायला वर्ष-दीड वर्ष. आपल्या सावळ्या कातडीवर तो जाड होण्याचाही संभव असतो. बेंबी जरा वेगळी दिसते. लग्नाआधीचं पोट कुणी परत देत नाही. सपाट, पण शिवलेलं पोट मिळतं. एवढं कबूल असेल तर पुढे जावं. आणखी मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्यावं, नाहीतर शिवलेलं पुन्हा ताणतं.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून वाकून का होईना, लवकर चालायला लावतात. एका पोटरीला सूज, दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. घरात कुणाला गुठळीचा त्रास झाला असेल तर तेही सांगा.

आणि मिश्री. डॉक्टर विचारतात, "सिगारेट, तंबाखू?" आपण मान हलवतो, "छे हो, आमच्यात कुठलं!" सकाळी दातांना लावतो ती मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिननं कातडीचा रक्तपुरवठा आक्रसतो, टाके उघडतात, कातडी काळी पडून मरते. निदान महिनाभर आधी ती बंद करावी लागते. आपल्या गावांतून किती आज्या, मावश्या, सुनासुद्धा चोरून लावतात, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. तिथेही लपवणंच नडतं.

आपल्या नियमांचंही तसंच. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळ्यांच्या वेळा काही अंशी जुळवता येतात. जिथे जुळत नाहीत तिथे काय करायचं, हे आजारपणाआधी ठरवा. शरीरात पाणी कमी पडलं की गुठळीचा धोका वाढतो. दशलक्षणाच्या तोंडावर तारीख घेऊन मग उपास धरायचा, असलं धाडस करू नका. पर्व पुढच्या वर्षीही येतं.

पैशाचं सांगायचं तर, निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. सोबत हर्निया असेल तर त्याचा भाग वेगळा. तो आधी लेखी विचारा. सर्जनच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, ते बघा. भूल कोण देणार, अतिदक्षता विभाग तिथेच आहे का, रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार, हे विचारताना लाजू नका. कांजीवरम घेताना दहा दुकानं फिरतो, काठ उलटून बघतो. इथे तर अंगच कापायचं आहे.

२०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूत एका २१ वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. ती शस्त्रक्रिया या प्रकारातली नव्हे. पण आई-वडिलांना तिनं आधी सांगितलं नव्हतं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. आमच्या महिला मंडळात त्यावर चर्चा झाली ती "कशाला हवी होती असली थेरं?" एवढीच. एकवीस वर्षांच्या पोरीला आपलं शरीर पुरेसं नाही असं कुणी वाटायला लावलं, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना देतात. पाण्यात हात घालू देत नाहीत, जड उचलू देत नाहीत, शेजारीपाजारी येऊन मुलाला धरतात. या शस्त्रक्रियेलाही शरीर साधारण तेवढाच काळ मागतं. फरक एवढाच की तो सव्वा महिना मागायची हिंमत बाईला नाही, कारण मागायचा तर आधी सांगावं लागतं, आणि सांगितलं की हसू होतं. म्हणून ती गाठीचं नाव पुढे करते. आजार झाला तर बाईला विश्रांती. स्वतःसाठी काही केलं तर शिक्षा.

माझं मागणं फार नाही. जी करणार असेल तिनं घरातल्या निदान एका बाईला खरं सांगावं. सासूला नाही तर जावेला, तिला नाही तर शेजारणीला. रात्री ताप आला तर हाक मारायला कुणीतरी हवं. आणि जिला सांगितलं जाईल तिनं तोंडावर कुलूप लावावं आणि कळशी स्वतः उचलावी. नवरोबांनी नुसते पैसे भरून मोकळं होऊ नये. सुट्टी काढावी, पोरांचे डबे भरावेत. जी करणार नसेल तिचं पोट तिच्यापाशी सुखानं नांदू द्यावं. दोन जीव वाढवलेलं पोट आहे ते, त्याच्याकडे जाब मागू नये.

हे लिहिण्याआधी मी मावसबहिणीला वाचून दाखवलं. तिनं परवानगी दिली, एका अटीवर: नाव नको. सासरी अजून गाठच माहीत आहे. परवा पुन्हा एका लग्नात ती भेटली. कुणीतरी तिला म्हणालं, "बारीक झालीस गं! काय करतेस?" ती माझ्याकडे बघून हसली. मी काही बोलले नाही. तिचा हात धरून तिला पंगतीत बसवलं आणि तिच्या पानात पहिली पुरणपोळी मीच वाढली.