ठेंगणे डोंगर, मोकळ्या वाटा

ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर म्हणजे स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस होय. त्याची उंची १,३४५ मीटर. म्हणजे आपल्या सह्याद्रीतील कळसूबाईहून ते तीनशे मीटरांनी ठेंगणे आणि केरळातील आनैमुडीच्या तर निम्मेच. वेल्समधील स्नोडन १,०८५ मीटर आणि इंग्लंडमधील स्कॅफेल पाइक अवघे ९७८ मीटर उंच आहे. ज्या देशाच्या माथ्यावर हिमालय उभा आहे, तेथील वाचकांना हे आकडे किरकोळ वाटल्यास नवल नाही. तथापि शनिवारी-रविवारी मँचेस्टर, शेफील्ड किंवा ग्लासगोहून पाठीवर पिशवी टाकून निघालेली माणसे पाहिली, म्हणजे या आकड्यांवाचून त्यांचे काहीच अडत नाही हे ध्यानात येते. त्यांत आजोबा असतात, शाळकरी मुले असतात आणि आपल्याकडून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेली कुटुंबेही असतात. या लहान डोंगरांत त्यांना काय लाभते आणि तो लाभ त्यांच्या पदरी कसा पडला, हे आज पाहू.

प्रथम या भूमीचे रूप डोळ्यांपुढे आणावे. हिमयुगात बर्फाच्या नद्यांनी हे डोंगर कोरून काढले. त्यामुळे दऱ्या रुंद, कडे उभे आणि तळाशी लांबट सरोवरे अशी त्यांची ठेवण झाली. दरीत गाव, त्याच्या वर चुन्यावाचून रचलेल्या दगडी बांधांनी आखलेली कुरणे, आणि बांध संपले की वृक्षहीन, मोकळे माळ. तेथे मेंढ्या चरतात, उन्हाळ्याच्या अखेरीस हेदर नावाच्या खुरट्या झुडपांना जांभळा फुलोरा येतो, आणि पायाखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, पाणथळ माती असते. हा प्रदेश उत्तरेस पुष्कळ दूर आणि समुद्राच्या वाऱ्यापावसाच्या तोंडी आहे. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, वारा वाढतो आणि स्वच्छ सकाळ घटकाभरात धुक्याने भरून जाते. म्हणून चढ अर्ध्या दिवसाचा असला, तरी पर्वतावर जी दक्षता लागते तीच येथेही लागते.

परंतु या माळांवर पाऊल टाकण्याची मोकळीक सर्वसामान्यांना सहज मिळालेली नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावांची सामाईक कुरणे आणि माळ मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात गेले. माळांवर तितराच्या जातीचा ग्राउझ नावाचा पक्षी राखला जाई आणि हंगामात जमीनदार व त्यांचे पाहुणे त्याची शिकार करीत. एरवी तेथे राखणदारांचा पहारा असे. मँचेस्टर आणि शेफील्ड या धुराने काळवंडलेल्या दोन शहरांच्या मधोमध किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या कामगारांना ते जवळचे होते. पण तेथे जाण्यास मज्जाव होता.

२४ एप्रिल १९३२ या रविवारी सुमारे चारशे तरुण-तरुणी हेफील्ड या गावाजवळच्या दगडाच्या खाणीत जमले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा मोटार दुरुस्त करणारा कारागीर होता. स्टेशनवर पोलीस अडवतील या शंकेने तो मँचेस्टरहून सायकलीवर आला होता. खडकावर उभे राहून त्याने भाषण केले आणि सारे किंडरकडे निघाले. वाटेत राखणदारांशी झटापट झाली. परतताना सहा जणांना अटक झाली. त्यांपैकी पाच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिन्यांचा तुरुंगवास घडला. पदभ्रमण करणाऱ्या जुन्या संस्थांना हा मार्ग पसंत नव्हता. परंतु डोंगरावर चालावयास गेलेल्या तरुणांच्या वाट्याला तुरुंग आलेला पाहून लोकमत पालटू लागले.

त्यापुढील प्रगती सावकाश झाली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये, किंडर ज्यात येते तो पीक डिस्ट्रिक्ट देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये सुचविलेली पेनाइन वे ही सुमारे ४३० किलोमीटरांची वाट १९६५ मध्ये खुली झाली. इंग्लंड व वेल्समधील मोकळ्या माळांवर व डोंगरांवर पायी हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने दिला. स्कॉटलंडच्या २००३ सालच्या कायद्याने त्याहून उदार होऊन, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, बहुतेक सर्व जमिनीवर चालणे, सायकल नेणे आणि तंबू ठोकणे यांस मुभा दिली. २००२ मध्ये किंडरच्या त्या घटनेस सत्तर वर्षे झाली, तेव्हा १९३२ मधील जमीनदाराचे नातू असलेल्या डेव्हनशरच्या ड्यूकनी आपल्या घराण्याच्या वतीने जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली.

आता प्रत्यक्ष चालण्याविषयी. या देशात सरकारी मोजणी खात्याचे नकाशे इतके तपशीलवार मिळतात की पंचवीस हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर कुरणाचा प्रत्येक बांधही दिसतो. असा नकाशा, होकायंत्र आणि ती दोन्ही वापरण्याची सवय ही पहिली शिदोरी. हातातील फोनवर नकाशा असला तरी थंडीने त्याची बॅटरी लवकर उतरते, हे विसरू नये. वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही वापरतात : दर पाच किलोमीटर चालीस एक तास, आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. म्हणजे दहा किलोमीटरांची वाट आणि सहाशे मीटरांचा चढ असल्यास तीन तास. यात विश्रांती, भोजन आणि मुलांचे रेंगाळणे धरलेले नाही. ते ज्याने त्याने वेगळे मिळवावे. सुती कपडा भिजला की अंगातील ऊब ओढून घेतो, म्हणून लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कपडा आणि त्यावर वारा-पाऊस अडविणारा अंगरखा असावा.

आरंभ लहान टेकडीपासून करण्यात कमीपणा नाही. आल्फ्रेड वेनराइट हा ब्लॅकबर्न गावच्या नगरपालिकेतील तरुण कारकून १९३० मध्ये प्रथमच लेक डिस्ट्रिक्टमध्ये आला आणि ऑरेस्ट हेड या जेमतेम २४० मीटरांच्या टेकडीवर चढला. समोर सरोवर आणि शिखरांची रांग पाहून त्याला त्या प्रदेशाचा कायमचा लळा लागला. पुढे त्याने २१४ डोंगर पायी पालथे घालून १९५५ ते १९६६ या काळात सात मार्गदर्शक पुस्तके सिद्ध केली. त्यांतील अक्षर आणि चित्रे सारी त्याच्या हातची आहेत. सुटीच्या दिवसांत केलेल्या छंदातून केवढे काम उभे राहते, याचा हा उत्तम दाखला होय.

कड्यांवर चढण्याचा छंद याहून कठोर. १८८६ मध्ये वॉल्टर हॅस्केट स्मिथ हे लेक डिस्ट्रिक्टमधील नेप्स नीडल या सुईसारख्या सुळक्यावर दोराशिवाय एकटेच चढले. ब्रिटनमधील प्रस्तरारोहण तेथून सुरू झाले असे सामान्यतः मानतात. बरोबर पन्नास वर्षांनी, उतारवयात, ते पुन्हा त्या माथ्यावर गेले. या वेळी दोर बांधून. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. १९२१ मध्ये त्यांनी पिनॅकल क्लब ही केवळ स्त्रियांची गिर्यारोहण संस्था स्थापन केली आणि ती आजही चालू आहे.

याच लहान कड्यांवर तयार झालेला जो ब्राउन हा मँचेस्टरचा गरीब घरातला मुलगा. आईने टाकून दिलेली कपडे वाळविण्याची दोरी घेऊन त्याने चढाईचा श्रीगणेशा केला. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड यांच्यासह तो कांचनजुंगेवर पोहोचला. सिक्कीमच्या लोकांचे हे दैवत आहे. त्यांच्या श्रद्धेचा मान राखावयाचे वचन मोहिमेने दिले होते. म्हणून सर्वोच्च बिंदू काही पावलांवर असता दोघेही थांबले आणि परत फिरले. आपल्या देशाच्या सीमेवर घडलेली ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. मात्र दोराचे तंत्र पुस्तकावरून शिकू नये. वेल्समधील प्लास इ ब्रेनिन आणि स्कॉटलंडमधील ग्लेनमोर लॉज या केंद्रांत त्याचे रीतसर शिक्षण मिळते.

सायकल आणि डोंगर ही जोडी पुष्कळांना अलीकडची वाटेल. वस्तुतः मार्च १९१९ मध्ये 'वेफेअरर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या रॉबिन्सन या लेखकाने मित्रांसह बर्फातून सायकली ढकलत वेल्समधील बर्विन डोंगराची खिंड ओलांडली आणि त्या सफरीवर लेख लिहिला. १९५५ मध्ये अशाच हौशी मंडळींनी रफ-स्टफ फेलोशिप हा संघ काढला. सायकल जेथे चालेल तेथे चालवावी, एरवी खांद्यावर घ्यावी, आणि घाई करू नये, अशी ही रीत. १९६८ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील घोडेवाटांवर सायकलींना मुभा मिळाली. पण पायी चालणाऱ्यास आणि घोडेस्वारास आधी वाट द्यावयाची, हे त्याच कलमात घातले. स्नोडनवर तर उन्हाळ्याच्या महिन्यांत दिवसाच्या गर्दीच्या वेळी सायकली न्यावयाच्या नाहीत, असा संकेत सायकलस्वार आपखुषीने पाळत आले आहेत. कायद्याने जे बांधले नाही ते समजुतीने बांधून घेतले, म्हणून एकच डोंगर दोघांनाही पुरतो.

संकट आले तर काय करावे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. एका मिनिटात शिट्टीचे किंवा विजेरीचे सहा इशारे द्यावेत, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा द्यावेत. फोन लागत असल्यास ९९९ फिरवून प्रथम पोलीस आणि मग पर्वतीय बचाव पथक मागावे. या पथकांतील माणसे शिक्षक, शेतकरी, परिचारिका असे आपापले व्यवसाय सांभाळणारी स्वयंसेवक असतात आणि वाचविलेल्या माणसाकडून पैसा घेत नाहीत. त्यांना अपरात्री निष्कारण बाहेर काढणे हे सभ्य माणसास शोभत नाही. ढग दाटले तर परत फिरावे; डोंगर पुढच्या रविवारीही तेथेच असतो.

मिळालेला हक्क टिकवावाही लागतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूर या माळावर रात्री तंबू टाकून राहण्याची जुनी मोकळीक आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेथील एका जमीनमालकाच्या दाव्यात उच्च न्यायालयाने असा हक्क नसल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी जुलैत अपील न्यायालयाने तो फिरविला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्क कायम केला. माळावरचा एक तंबू तीन न्यायालयांतून गेला, यावरून या गोष्टीचे मोल कळावे.

तुम्ही किंवा तुमच्या घरचे कोणी त्या वाटांवर जाल, तेव्हा कुरणाच्या बांधात लाकडी फाटक लागेल. ते बंद असेल तर आत गेल्यावर बंद करावे. उघडे ठेवलेले असेल तर उघडेच राहू द्यावे, कारण पलीकडच्या मेंढ्यांना पाण्यावर जाण्यासाठी शेतकऱ्याने ते तसे ठेवले असेल. मागून येणाऱ्याला वाट मोकळी मिळावी म्हणून एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावयाची असते.