विद्येच्या माहेरघरातील केर

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात. परंतु या माहेरघराचा केर वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या दारात पडला. तेथील विहिरी नासल्या आणि संतप्त ग्रामस्थांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. या पापात आपला वाटा किती, हे शहरातील विद्यापीठांनी स्वतःस विचारावे, असे आम्हांस वाटते.

५,००० चौरस मीटरांहून मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बजावले होते. नियम नसता तरी हे कर्तव्यच होते! खाणावळीतील उष्टे आणि झाडांचा पालापाचोळा यांचे उत्तम खत होते. त्यासाठी कोणा परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. दोन वेगळे डबे आणि थोडी लाज पुरे.

कचरा वेचणाऱ्या स्त्रियांचे कष्ट याच शहरात ओळखले गेले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यातून १९९३ मध्ये त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. विद्यापीठ मनावर घेईल तर काय करू शकते, याचा हा दाखला आहे.

म्हणून कुलगुरूंस आमचे सांगणे आहे की, पुढील सत्रापासून ओल्या कचऱ्याची एकही गाडी आवाराबाहेर जाऊ देऊ नका. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही उष्ट्यात फेकलेला कागद कोणा माउलीला हातांनी उपसावा लागतो, एवढेही उमजले नाही, तर त्या पदवीला काय म्हणावे?