मातीची मेंढी

‘शॉन द शीप’ पाहून आमच्या चिरंजीवांनी सुट्टीत हट्टच धरला, तशी मातीची मेंढी चालवायची! शाडूची मेंढी वाळून तडकली, मग न वाळणारी रंगीत माती आणली. मोबाईल पुस्तकांच्या चळतीला घट्ट बांधा, खिडकी लावून एकच दिवा ठेवा. मेंढी जराशी हलवायची, फोटो काढायचा. सेकंदाला १२, म्हणजे १० सेकंदांना १२० फोटो! दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या अशाच नाचवल्या होत्या.

ऐंशीव्या फोटोला माझाच धक्का लागला. मला वाटलं, आता रडणार. पण अभ्यासाला पाच मिनिटं न टिकणारं पोर पुन्हा पहिल्यापासून बसलं! डोंबिवलीच्या आमच्या इवल्याशा घरात दोन दिवस जेवणाचं टेबल अडलं. जेवलो खाली, पंगतीत.