सत्काराची वस्तू कारागिराच्या हातची हवी

सतराव्या शतकात चीनमध्ये एखाद्या बड्या अधिकाऱ्याची साठी-सत्तरी आली, की स्नेहीमंडळी मिळून त्याला लाखकामाचा घडीचा पडदा भेट देत. बहुधा बारा फळ्यांचा, माणसापेक्षा उंच. लाकडावर लुकणाचा थर, त्यावर काळ्या लाखेचे थर. मग नक्षी कोरायची आणि कोरलेल्या खोलगट जागेत रंग भरायचे. दर्शनी बाजूला महाल, मोर, करकोचे, नाहीतर सेनापती ग्वो झीयी यांच्या वाढदिवसाचा दरबार. पाठीवर गौरवाचा मजकूर, तिथी आणि भेट देणाऱ्यांची नावं. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून हा माल युरोपला जाई, म्हणून तिकडे ते ‘कोरोमंडल पडदे’ झाले. तिथल्या धनिकांनी काही पडदे कापून भिंतींना आणि कपाटांना जडवले. जे धड राहिले, त्यांच्या पाठी वाचून आजही कोणाचा सत्कार कधी आणि कोणी केला, हे कळतं.

आपल्याकडेही एकसष्टी, अमृतमहोत्सव, निवृत्ती थाटात होते. शाल, श्रीफळ आणि अ‍ॅक्रिलिकचं स्मृतिचिन्ह. शिक्षकी पेशात मलाही अशी बरीच मिळाली. त्यातल्या एकावरचं सोनेरी स्टिकर सोलापूरच्या उन्हाळ्यात सुटून आलं. देणाऱ्यांचा जिव्हाळा खरा होता; त्याची खूणच उरली नाही.

खरं तर हात आपल्याकडेही आहेत. सावंतवाडीचं लाखकाम आणि गंजिफाचे पत्ते तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकापासून राजवाड्यात पुन्हा उभे केले. पारंपरिक गंजिफाचं पान म्हणजे कापडावर चिंचोक्याची खळ, वर पांढरा लेप, घोटाई आणि मग हातानं चित्र. दशावतारी संचात अशी १२० पानं, दर अवताराची १२. आणि इथे सोलापुरात आमचे विणकर हातमागावरच्या वॉल हँगिंगमध्ये माणसाचा चेहरा धाग्यांतून हुबेहूब उतरवतात.

खर्चाचं म्हणाल, तर दहा संस्थांनी दहा स्मृतिचिन्हं देण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच वस्तू द्यावी. ऑर्डर मात्र दोन महिने आधी हवी. हातकाम आदल्या संध्याकाळी होत नाही. पाठीमागे देणाऱ्यांची नावं लिहावीत आणि चिनी पडद्यांवर सहसा न सापडणारं नावही लिहावं, ते घडवणाऱ्या कारागिराचं. शाळा, बँका, सहकारी संस्था आणि महापालिका यांनी पुढच्या सत्कारापासूनच ही सुरुवात करावी.