चालून दाखव जरा

"इंग्लंडला जाऊन काय बघितलंस?" परत आल्यापासून जी ती विचारते, आणि मी "कुत्री" म्हटलं की समोरचीचा चेहरा बघण्यासारखा होतो. राजवाडा नाही, लंडनचं ते मोठं घड्याळ नाही, कुत्री! बाई एवढं विमानाचं तिकीट काढून गेली ती कुत्री बघायला, ती तर आपल्या आळीत फुकट दिसतात. पण मैत्रिणींनो, जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आज त्यावरच लिहिते.

माझी मावसबहीण कॉव्हेंट्रीला असते. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर बर्मिंगहॅमचं ते अवाढव्य प्रदर्शन केंद्र आहे आणि दर मार्चमध्ये तिथे 'क्रफ्ट्स' भरतं. कुत्र्यांच्या प्रदर्शनांमध्ये याचं नाव सगळ्यात मोठं. चार्ल्स क्रफ्ट नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये लंडनला ते स्वतःच्या नावाने भरवलं. हा कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, म्हणजे धंद्याचं डोकं पक्कं! तो १९३८ मध्ये गेला, तेव्हा १९३९ चं प्रदर्शन त्याच्या बायकोने, एमाने, पार पाडलं. पुढे ते तिथल्या केनेल क्लबकडे गेलं. हा क्लब १८७३ सालचा, पण बायकांना पूर्ण सभासद करून घ्यायला १९७९ उजाडलं. कुत्री धुवायला, विंचरायला, रात्री उठून पिल्लांना दूध पाजायला बायका चालत होत्या, ठराव मांडायला नाही. असो. आता रिंगणात बघावं तर बायकांचंच राज्य दिसतं.

चार दिवस, दोनशेच्या वर जाती, वीस हजारांच्या आसपास कुत्री. आणि तरी आपल्या एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये होतो तेवढा गोंधळ नाही! आम्ही गेलो तो दिवस लहान, मांडीवरच्या कुत्र्यांचा होता. मी मुद्दाम तोच निवडला. मला पग बघायचे होते. का, ते सांगतेच.

पग म्हणजे आपल्याकडे 'हचचं कुत्रं'. २००३ मध्ये टीव्हीवर ती जाहिरात आली, लहान मुलाच्या मागे मागे जाणारं चपट्या तोंडाचं ते पिल्लू, आणि अख्ख्या देशाला त्याचं वेड लागलं. पुढे हचची व्होडाफोन झाली, पण कुत्र्याचं नाव काही बदललं नाही. आमच्या बार्शीतसुद्धा पग आले. २०११ मध्ये लेकीच्या हट्टापायी आमच्याकडेही एक आला. त्याचं नाव गोटू.

तर हिरव्या गालिच्याचं रिंगण, कडेने खुर्च्या, आणि मधोमध परीक्षक. साठीच्या आसपासची बाई, पायात सपाट बूट, चेहऱ्यावर आपल्या शाळेतल्या मोठ्या बाईंसारखा भाव. एका वेळी एक कुत्रा टेबलावर उभा करायचा. ती आधी लांबून बघते, समोरून आणि बाजूने. मग जवळ येऊन डोकं दोन्ही हातांत धरते, ओठ वर करून दात बघते, मानेवरून, बरगड्यांवरून, मांड्यांवरून बोटं फिरवते, शेपटीचा वेटोळा उलगडून बघते. मग टेबलावरून खाली. त्रिकोणात चालवा. आता सरळ जाऊन परत या. ती कमरेवर हात ठेवून पाय कसे पडतात ते बघत राहते.

मला हसूच फुटलं. बहीण म्हणाली, "काय गं?" म्हटलं, "माझं १९८६ चं बघणं आठवलं." तेव्हा मला सुईत दोरा ओवायला लावला होता, पेपर वाचायला लावला होता, आणि होणाऱ्या नवऱ्याच्या आत्याबाई म्हणाल्या होत्या, "चालून दाखव जरा, बाळ." दारापर्यंत जाऊन परत आले होते मी, नऊवारी नेसून. बहीण म्हणाली, "फरक एवढाच, की इथे चालून झाल्यावर लिव्हरचा तुकडा मिळतो. तुला पोहेसुद्धा तूच केलेले!"

पण जसजशी बघत गेले तसतशी गंमत कमी होत गेली. म्हणायला ही स्पर्धा, पण कुत्र्यांची तुलना एकमेकांशी करायची नसते. प्रत्येकाची तुलना करायची ती कागदावरच्या कुत्र्याशी. प्रत्येक जातीचं एक लिखित वर्णन असतं, त्याला 'स्टँडर्ड' म्हणतात. डोकं कसं, डोळे कसे, वजन किती (पगचं सव्वासहा ते आठ किलो), शेपटीला वेटोळे किती, दोन असतील तर फारच छान. हे वर्णन डोक्यात पक्कं बसायला वर्षानुवर्षं लागतात, तेव्हा कुठे मोठ्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून उभं राहता येतं. निर्णय त्या एकट्या व्यक्तीचा. तिने पसंत केलेल्या नर-मादीला जे प्रमाणपत्र मिळतं, तशी तीन, वेगवेगळ्या तीन परीक्षकांकडून मिळाली की कुत्रा 'चॅम्पियन' होतो. आणि चॅम्पियनची पिल्लं सगळ्यांनाच हवी असतात. म्हणजे त्या बाईने आज ज्याच्याकडे बोट दाखवलं, तसं नाक उद्याच्या पिल्लांना येणार.

आणि नाकाचंच तर सगळं रामायण आहे. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःच्या चित्रात आपला पग रंगवला आहे. त्या पगला चांगलं पुढे आलेलं तोंड आहे, पायही लांब आहेत. मग त्याचं नाक गेलं कुठे? कुणी ते एका दिवसात कापलं नाही. चपटं तोंड गोड दिसतं, माणसाच्या बाळासारखं वाटतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या जरा जास्त चपट्याला पसंती मिळत गेली आणि त्याचीच पिल्लं वाढवली गेली. पण हाडं आखूड झाली तरी आतलं मांस त्या मानाने आखूड झालं नाही. चार खोल्यांच्या घरातलं सामान एका खोलीत कोंबावं तसं. मऊ टाळू लांब, ती घशात लोंबते. नाकपुड्या चिमटलेल्या. डोळे बाहेर आलेले, त्यांना पटकन जखम होते. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, तोंडानाकातून हवा खेळवूनच ते अंग थंड ठेवतं. ज्याचा हवेचा रस्ताच अरुंद, त्याने सोलापूरकडच्या मे महिन्यात काय करायचं?

गोटूने काय केलं ते मी बघितलंय. २०१५ चा मे, दुपारी लाइट गेलेले. आम्ही सगळे शेजारच्या लग्नात. तासाभराने परत आलो तर गोटू मोरीत आडवा, जीभ जांभळी, आणि घशातून करवतीसारखा आवाज. ओल्या टॉवेलात गुंडाळून रिक्षाने डॉक्टरांकडे नेला. वाचला तेव्हा. डॉक्टरांनी त्याच्या नाकपुड्या दाखवल्या, नुसत्या दोन चिरा. म्हणाले, "हा घोरतो का हो?" आम्ही कौतुकाने सांगितलं, "हो, अगदी आजोबांसारखा!" आल्यागेल्याला त्याचं घोरणं ऐकवायचो आम्ही. ते म्हणाले, "ते घोरणं नाही. तो श्वासासाठी झगडतोय." आठव्या वर्षी गेला तो. चार वर्षं ज्याच्यावर हसलो, तो त्रास होता, हे मनातून जात नाही.

म्हणून त्या रिंगणाशी मी बसले होते. आणि तिथे कळलं, की हे भांडण तिकडेही चांगलं पेटलेलं आहे. जाहिरात आली त्याच २००३ मध्ये क्रफ्ट्सला सगळ्या जातींत अव्वल ठरलेला कुत्रा पेकिंगीज जातीचा होता, तोही चपट्या तोंडाचा, आणि त्याच्या टाळूवर श्वासासाठी शस्त्रक्रिया झालेली होती. २००८ मध्ये बीबीसीने या जातिवंत कुत्र्यांच्या दुखण्यांवर माहितीपट दाखवला तेव्हा मोठा गहजब झाला. खुद्द बीबीसीने वर्षानुवर्षं चालवलेलं क्रफ्ट्सचं प्रक्षेपण थांबवलं. २००९ मध्ये क्लबने स्टँडर्ड तपासून बदलली. पगच्या बाबतीत आता चिमटलेल्या नाकपुड्या आणि नाकावर येणारी जाड घडी चालत नाही. २०१२ मध्ये तर १५ जातींच्या विजेत्यांना पुढच्या फेरीआधी पशुवैद्याकडे पाठवलं आणि त्यांतले सहा नापास झाले. त्यांत बुलडॉग होता, पेकिंगीज होता. मालक मंडळी संतापली, काही जणी रडल्या. बरोबरच आहे, परीक्षकाने पहिला आणायचा आणि डॉक्टरांनी बाहेर काढायचा! पण माझा प्रश्न वेगळा आहे. डॉक्टरला जे टॉर्चने दिसलं, ते परीक्षकाला हातात डोकं धरून दिसलं नव्हतं का? की दिसत होतं, पण बघायची सवय नव्हती?

आमच्या रिंगणातली बाई मात्र ऐकत होती. चालवून झालं की प्रत्येक पगपाशी ती वाकायची, क्षणभर कान द्यायची. एक कुत्री फार देखणी होती, सुरकुत्या कशा कोरल्यासारख्या, शेपटीला दुहेरी वेटोळा. पण एका फेरीनंतर तिचा आवाज माझ्या खुर्चीपर्यंत येत होता, तोच, गोटूचा. परीक्षकबाईने तिला पाचातही घेतलं नाही. पहिला आणला तो जरा उंच पायांचा, उघड्या नाकपुड्यांचा, शांत नर. माझ्या शेजारची वयस्कर बाई टाळ्या न वाजवता म्हणाली, "अशाने पग पग राहणारच नाहीत." आयुष्यभर पग पाळलेली बाई ती. तिचं म्हणणं असं, की प्रदर्शनवाले तपासण्या करून घेतात, पैसे घालतात, खरी वाट लावली ती पिल्लांचा कारखाना काढणाऱ्यांनी. यात तथ्य आहे, आमचा गोटू काही क्रफ्ट्सच्या घराण्यातला नव्हता. पण 'गोड' म्हणजे काय, हे कारखानेवाल्याला कुणी शिकवलं? बक्षिसांच्या फोटोंनी, जाहिरातींनी आणि बारा हजार मोजणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनी.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या जातीला सुखाने श्वास घेता येत नाही, तिचं आदर्श वर्णन बदललं पाहिजे, भले मग ती आजच्यासारखी दिसली नाही तरी चालेल. २०१९ पासून ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मदतीने एक तपासणी चालते. कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने ऐकायचं आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची. एवढी साधी गोष्ट. हिच्याशिवाय कुणाला चॅम्पियन म्हणूच नये. तिथल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात निघालं, की इतर कुत्र्यांच्या मानाने पगला वर्षभरात काही ना काही दुखणं होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते. आपल्याकडे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम आहेत खरे, पण आपण पिल्लू घेताना नोंदणीचा कागद कोण मागतं?

परत आल्यावर पंधरा दिवसांतच समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्या नातीला पग हवा होता, सोलापूरला एकाकडे पिल्लं आहेत म्हणे. मी पुष्कळ समजावलं, गावठी घ्या, उन्हाला टिकतं, लांब नाकाचा आपला कारवान घ्या. नातीचे डोळे भरून आले. मग म्हटलं, चला, मी येते बरोबर.

त्या माणसाने टोपलीतून तीन पिल्लं आणली. काय सांगू, इतकी गोजिरवाणी की माझेच हात पुढे झाले. मी विचारलं, "यांची आई कुठाय?" तो म्हणाला, "बाई, पिल्लू घ्यायचंय का आई?" म्हटलं, "आणा तर." कुरकुरत मागच्या खोलीतून त्याने तिला आणलं. अंगणात ऊन उतरलेलं होतं. म्हटलं, "फाटकापर्यंत जरा चालवून दाखवा."

ती गेली आणि परत आली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. नात आधी गप्प होती, मग म्हणाली, "आजी, ती अशी का वाजतेय?"

सहाच्या एसटीने आम्ही तिघी परतलो. नात खिडकीशी बसली होती, रागावून. बार्शी आल्यावर उतरताना तिने विचारलं, कारवान कुठे मिळतो.